सही करण्यापूर्वी विचारा

म्हातारपणाच्या आजारांवर नवी औषधे निघावीत, असे आपणा सर्वांनाच वाटते. पण ती शेवटी माणसांवरच तपासावी लागतात आणि त्याला पैसा लागतो. पैसा देणाऱ्याने नियम घातले नाहीत तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत ज्यूंच्याच एका इस्पितळात घडले.

जुलै १९६३ मध्ये न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील ज्यूइश क्रॉनिक डिसीज हॉस्पिटलमध्ये २२ रुग्णांना जिवंत कॅन्सर पेशींची इंजेक्शने देण्यात आली. प्रयोग डॉ. चेस्टर साउदम यांचा होता. अशक्त शरीर परक्या पेशी किती लवकर नष्ट करते, हे त्यांना पाहायचे होते. रुग्ण बहुतेक वृद्ध व जर्जर होते. 'तुमची प्रतिकारशक्ती तपासतो' एवढेच त्यांना सांगितले. कॅन्सरचे नाव काढले नाही.

कागान, लाइश्टर आणि फर्स्को या तीन तरुण ज्यू डॉक्टरांनी यात भाग घेण्यास नकार दिला व पुढे राजीनामे दिले. नाझी डॉक्टरांच्या न्यूरेंबर्ग खटल्यानंतर, १९४७ साली, माणसाच्या स्वखुशीच्या संमतीशिवाय प्रयोग नाही, हे तत्त्व मांडले गेले होते. इस्पितळाचे एक संचालक, विल्यम हायमन, कागदपत्रांसाठी कोर्टात गेले, तेव्हा प्रकरण उघड झाले.

साउदम यांच्या संशोधनाला सरकारी आरोग्य खात्याचे अनुदान होते. १९६६ मध्ये त्या खात्याने ठरवले की, संस्थेच्या समितीने रुग्णांचे हक्क व संमती तपासल्याशिवाय अनुदान नाही. १९७४ मध्ये त्याचा कायदा झाला. वार्धक्यावरील संशोधनासाठी सरकारने 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग' ही संस्था स्थापली, तीही त्याच वर्षी. नुसत्या उपदेशाने जे झाले नाही, ते अनुदानाला अट घातल्यावर झाले.

इस्राएलमध्ये अशा समितीला हेलसिंकी समिती म्हणतात. आपल्या ज्येष्ठांपुढे संशोधनाचा फॉर्म आला तर न संकोचता विचारावे: हेलसिंकी समितीची मंजुरी आहे का? पैसा कोणाचा, सरकारचा की औषध कंपनीचा? धोका कोणता? भाग न घेतल्यास माझे नेहमीचे उपचार चालू राहतील ना? मधेच सोडता येईल ना? हिब्रू नीट वाचता येत नसेल तर मुला-नातवंडांकडून मराठीत समजून घ्यावे आणि मगच सही करावी. फॉर्म घरी नेऊन विचार करण्यास वेळ मागणे हा आपला हक्क आहे.