‘वेडी’ म्हटले की हक्क संपत नाही!

इंदापूर तालुक्यातील एका वस्तीवरची बाई बारामतीच्या कोर्टात आमच्याकडे आली. नवरा ट्रक ड्रायव्हर, एड्सने वारला. तिलाही एच.आय.व्ही. निघाला. त्याआधीपासून तिला भास होत, कानात आवाज येत. दिराने खोलीला कुलूप लावले. म्हणाला, ‘ही वेडी, त्यात रोगी. हिचा कसला हक्क?’

आम्ही नोटीस दिली, कुलूप निघाले. पण औषधाचे काय? एका दवाखान्यात सांगितले, ‘आधी डोक्याचा इलाज करा.’ डोक्याचा डॉक्टर म्हणाला, ‘आधी एच.आय.व्ही.चे बघा.’ दोन खिडक्यांच्या मध्ये माणूस मरतो, तो असा!

पुणे-सोलापूर हमरस्ता, साखर कारखाने, ऊसतोड मजूर, एम.आय.डी.सी. हा आमचा भाग. एड्सच्या कार्यक्रमात ड्रायव्हर आणि स्थलांतरित मजुरांचा विचार होतो. पण एस.टी. स्टँडवर रात्र काढणाऱ्या मनोरुग्ण बाईचा विचार कोण करतो? तिच्यावर अत्याचार होतो, तिला नकार देता येत नाही. मनोरुग्णाला लैंगिक आयुष्यच नसते असे गृहीत धरले जाते. म्हणून त्याला ना कोणी निरोधाची माहिती देतो, ना तपासणीचे विचारतो.

सरकारने एच.आय.व्ही.ची मोफत औषधे १ एप्रिल २००४ पासून सुरू केली. रोज गोळी घेतली आणि विषाणू दबलेला राहिला तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही. पण मन खचले की गोळी सुटते. शिवाय दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांची औषधे माहीत हवीत. फिट्स आणि मनोविकारासाठी दिले जाणारे कार्बामॅझेपिन हे डोल्युटेग्रॅविर या एच.आय.व्ही.च्या औषधाचा असर कमी करते. म्हणून दोन्ही चिठ्ठ्या एकाच पिशवीत ठेवा आणि दोन्ही डॉक्टरांना दाखवा.

आता कायदा काय म्हणतो? मानसिक आरोग्य कायदा, २०१७ चे कलम ३ सांगते की, मानसिक आजार आहे एवढ्यावरून कोणी वेडा ठरत नाही; ते ठरवायचा अधिकार सक्षम कोर्टाला. कलम १८ ने सरकारी मानसोपचार हा हक्क केला. एच.आय.व्ही. कायदा, २०१७ चे कलम ३ भेदभावाला बंदी घालते, कलम ५ समजून दिलेल्या संमतीशिवाय तपासणीला मनाई करते. आणि कलम २९? एच.आय.व्ही. असलेल्या स्त्रीला राहत्या सामाईक घरातून काढता येत नाही. दिरांनी हे वाचावे!

वकिलाची फी नाही? विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती आणि मनोरुग्ण यांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

शिवू नका, जवळ घेऊ नका, वस्तीबाहेर ठेवा, ही भाषा आमच्या बापजाद्यांनी ऐकली आहे. घटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता गाडली. मग आमच्याच वस्तीत आजारी बाईला तीच वागणूक का? प्रत्येक विहारातील महिला मंडळाने एका कार्यकर्तीवर ही जबाबदारी टाकावी. एच.आय.व्ही.साठी १०९७ आणि मानसिक आजारासाठी १४४१६ हे नंबर विहाराच्या भिंतीवर लिहावेत. रुग्णाचे नाव मात्र कोठेही लिहू नये!

जयभीम!