बोरी अरबचा दगड, हेदवीची घळ

यवतमाळ जिल्ह्यातलं बोरी अरब अडाण नदीच्या काठावर आहे. अडाणचं पाणी पैनगंगेत जातं, पैनगंगेचं वर्धेत, तिथून प्राणहिता आणि गोदावरी, आणि शेवटी आंध्रात बंगालचा उपसागर. पाण्याच्या हिशेबाने या गावाचा समुद्र पूर्वेचा. माणसं मात्र सुट्टीत पश्चिमेकडे निघतात आणि बहुतेक वेळा अलिबाग नाहीतर गणपतीपुळ्याच्या गर्दीत पाय भिजवून परततात. घोडागाडी, भेळ, फोटो, झालं कोकण! दोन टेकाडांच्या मध्ये दडलेल्या, दुकान नाही की छत्री नाही अशा लहान पुळणी त्याच किनाऱ्यावर आहेत. त्या एकट्या का राहिल्या, याचं उत्तर दगडात आहे.

आणि तो दगड वऱ्हाडातल्या माणसाला परका नाही. विहीर खणताना कुदळीला लागतो तोच हा काळा बेसॉल्ट. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा थरावर थर वाहत आला आणि थिजला. आजही त्याने जवळपास 5 लाख चौरस किलोमीटर मुलूख व्यापलेला आहे. याच यवतमाळ जिल्ह्यात, झरी जामणी तालुक्यातल्या शिबला भागात, थंड होताना तडकून तयार झालेले या दगडाचे कोनदार खांब काही वर्षांपूर्वी उजेडात आले. सह्याद्री ओलांडून हाच दगड रत्नागिरी जिल्ह्यात समुद्रात उतरतो. तिथे माथ्यावर तांबड्या जांभ्याचा सडा, खाली काळा कातळ. दगड पक्का असेल तिथे तो नाकासारखा पाण्यात घुसून उभा राहतो. मऊ किंवा भेगाळलेला असेल तिथे लाटा त्याला पोखरून आत शिरतात आणि त्या खोबणीत वाळू साठते. झाली पुळण. दोन्हीकडे कडे असल्याने गाडीरस्ता वरूनच वळसा घालून जातो आणि गर्दीही त्याच्यासोबत पुढे निघून जाते.

हा किनारा किती दातेरी आहे ते मोजमापातही दिसतं. केंद्र सरकारच्या नोंदीत महाराष्ट्राचा किनारा वर्षानुवर्षं 652 किलोमीटर होता. अलीकडे बारकाईने फेरमोजणी झाली, तेव्हा तो सुमारे 878 भरला. आधी सरळ रेषेत ओलांडलेल्या खाचा आणि वळणं या वेळी मापात आली, एवढंच.

गुहागर तालुक्यातलं हेदवी दशभुजा गणेशासाठी प्रसिद्ध आहे. भाविक दर्शन घेतात, प्रसाद घेतात आणि पुष्कळदा तिथूनच गाडी फिरवतात. समुद्राकडे उमा-महेश्वराचं देऊळ आहे. त्याच्या पलीकडे कातळात एक अरुंद, खोल चीर पडली आहे. हीच बामणघळ. ओहोटीला तिथे पाहण्यासारखं फारसं नसतं: ओला काळा दगड, त्यावर चिकटलेली कालवं, खळग्यांत साचलेलं पाणी, माणसाची चाहूल लागताच फटीत सटकणारी कुर्ली. भरतीला लाट त्या चिरेत शिरते. रुंदी कमी कमी होत जाते, मागून पाण्याचा रेटा असतो, वाट उरते ती फक्त वरची. आधी आतून धप्प आवाज येतो, मग माणसाच्या डोक्यावरून पाण्याचा फवारा. काठाशी उभं राहून सेल्फी काढण्याची ही जागा नव्हे. शेवाळावरून घसरलेला पाय थेट घळीत जातो.

म्हणून इथे घड्याळापेक्षा तिथी आधी बघावी. कोकणातलं जुनं गणित सोपं आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती, आणि साधारण सहा तासांनी ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. अंदाज अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतो, पण भिंतीवरच्या कालनिर्णयात बघून यवतमाळात बसल्या बसल्या सहलीचा बेत आखता येतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं: दुपारच्या आधी घळ जोरात उडते आणि संध्याकाळी पाणी खूप मागे हटून कातळ उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तिला तेवढा जोर नसतो. कड्याला वळसा घालून पलीकडच्या पुळणीवर जायचं, तर ओहोटी लागल्यावर निघावं आणि पाणी चढायच्या आत परतावं. नाहीतर परतीची वाट पाण्याखाली आणि पाठीशी उभा कडा.

नदीत पोहणाऱ्याला समुद्र जमेलच, हा विदर्भातला एक लाडका गैरसमज. किनाऱ्यावर आपटलेलं पाणी परत जाताना एखादी खोलगट वाट धरतं आणि तिथे ओढ जबरदस्त असते. तो पट्टा आजूबाजूपेक्षा शांत दिसतो, म्हणूनच फसवतो. त्यात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर यावं. एकांतातल्या पुळणीवर जीवरक्षक नसतो आणि हाक ऐकायलाही कोणी नसतं. पावसाळ्यात तर जाऊच नये. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ज्यांचं पोट समुद्रावर आहे, त्यांच्या होड्याही तेव्हा किनाऱ्याला असतात.

जाण्यासाठी बडनेरा किंवा धामणगावहून मुंबईकडची गाडी, पुढे कोकण रेल्वेने चिपळूण, तिथून रस्त्याने गुहागर आणि हेदवी. मे महिन्यात पारा यवतमाळपेक्षा बराच खाली असला, तरी घामाने जीव नकोसा होतो. डिसेंबर ते फेब्रुवारी बरा. याच दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री वाळूत अंडी घालायला येतात. 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग लावलेली एक मादी जानेवारी 2025 मध्ये गुहागरच्या पुळणीवर सापडली. बंगालच्या उपसागरातून सुमारे 3,500 किलोमीटरचा वळसा घालून ती इकडे आली असावी, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. कासवाची अंडी दिसली तर हात लावू नये, गावातल्या कासवमित्रांना कळवावं. ते ती जाळीच्या कुंपणात हलवतात. आणि रात्री पुळणीवर टॉर्च फिरवू नये. उजेड दिसला की मादी अंडी न घालताच मागे वळते.