फेरेटला कच्च्या मांसाची सवय लावताना

फेरेट हा युरोपातल्या पोलकॅटचा पाळीव वंशज, अस्सल मांसाहारी. आतडं आखूड, खाल्लेलं 3-4 तासांत बाहेर पडतं, धान्य नीट पचत नाही. ब्रिटनमध्ये सशांच्या शिकारीसाठी फेरेट पाळणारे कित्येकजण त्यांना ससाच खाऊ घालतात.

मात्र बदल हळूहळूच हवा. लहानपणी ओळखीचा झालेला वासच फेरेटला अन्न वाटतो. बाकीचं तो हुंगून सोडतो. म्हणून त्याच्या नेहमीच्या खाद्याचे कोरडे दाणे कोमट पाण्यात भिजवून त्यात चिमूटभर चिकन खिमा मिसळायचा, मग आठवड्यागणिक वाढवायचा. उपाशी ठेवून हट्ट मोडणं धोक्याचं, विशेषतः वयस्कर फेरेटची रक्तातली साखर झपाट्याने घसरू शकते.

नुसता खिमा पुरत नाही. टॉरिन या पोषकद्रव्यासाठी हृदय, कॅल्शियमसाठी कच्ची मऊ हाडं, थोडी कलेजी हवीच. शिजवलेलं हाड कधीही नको.

कच्च्या मांसात साल्मोनेला जिवाणू असू शकतो. घरात लहान मूल असेल तर आधी पशुवैद्यांशी बोला.