81 एकरांची चाळणी

ट्रॉमेलमध्ये साडी अडकली की सगळं काम थांबतं. ट्रॉमेल म्हणजे गरागरा फिरणारी लांबलचक लोखंडी चाळणी. एका तोंडाने पोकलेन जुना कचरा ओततो, भोकांतून माती खाली गळते, उरलेलं दुसऱ्या तोंडाने बाहेर पडतं. विटा पडतात, चपला पडतात, नारळाच्या करवंट्या पडतात. कापड मात्र पडत नाही, ते गुंडाळत जातं. साडीला नायलॉनची दोरी, दोरीला कॅसेटमधली तपकिरी फीत, फितीला आणखी एक साडी, असं करत चांगला पिंपाएवढा गठ्ठा होतो. यंत्र कण्हायला लागतं, कुणीतरी ओरडतं, "बंद कर रे!" आणि बीडकडचा एक तिशीतला माणूस कोयता घेऊन आत शिरतो.

कोयता म्हटल्यावर पिंपरी-चिंचवडच्या माणसाला भलत्याच, हल्ल्यांच्या बातम्या आठवतात. याचा कोयता ऊसतोडीचा आहे. गुडघे टेकून तो डाव्या हाताने कापड ताणतो, उजव्याने एक तिरपा घाव घालतो. उसाच्या बुडख्यावर घालतात तसा. "ऊस बरा, ताई," तो म्हणाला. "ऊस तुटतो तरी. ही नायलॉनची साडी धारच खाऊन टाकते."

मोशीच्या या कचरा डेपोवर मी गेले ती पुनावळ्यामुळे. पुनावळ्यात वनखात्याची बावीस हेक्टरच्या वर जमीन पिंपरी-चिंचवड महापालिकेने 2008 च्या विकास आराखड्यात कचरा डेपोसाठी राखून ठेवली होती. पंधरा वर्षं ते आरक्षण कागदावर झोपून होतं. तेवढ्या काळात भोवती टॉवर उभे राहिले, हिंजवडीत नोकरी करणाऱ्यांनी कर्जं काढून फ्लॅट घेतले, आणि 2023 मध्ये महापालिकेने हालचाल सुरू करताच लोक रस्त्यावर आले. झाडांना मिठ्या मारल्या, फलक धरले. डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मंत्री उदय सामंत यांनी प्रकल्प रद्द झाल्याचं जाहीर केलं. आमच्या बाजूला पेढे वाटले गेले. मीही खाल्ला. झाडं वाचली याचा आनंद खराच होता. पण आमच्या घंटागाड्या दुसऱ्या दिवशीही नेहमीसारख्या आल्या, आणि त्या जातात कुठे हे पेढे वाटणाऱ्यांपैकी कुणी विचारलं नाही.

त्या जातात मोशीला. अख्ख्या शहराचा, रोजचा हजार टनांवरचा कचरा मोशीतच जातो आणि 1991 पासून जातो आहे. तेव्हा मोशी शहरात नव्हतीच. ती महापालिकेच्या हद्दीत आली 1997 मध्ये. म्हणजे शहराने आधी आपला कचरा गावात पाठवला आणि सहा वर्षांनी गावाला आपलं म्हटलं. पुनावळेही त्याच वेळी हद्दीत आलं. पुनावळ्याला नकार देता आला, कारण तोवर तिथे फ्लॅट होते, मतं होती, अधिवेशनात बोलणारे आमदार होते. 1991 च्या मोशीत शेतं आणि दगडखाणी होत्या.

आणखी एक गंमत म्हणा. 2023 मध्ये हा सगळा वाद पेटला तेव्हा महापालिकेत नगरसेवकच नव्हते. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली, पुढे प्रशासकाचा कारभार सुरू झाला. शहराच्या कचऱ्यावरची चर्चा शहराच्या सभागृहात व्हायची, ती सातशे किलोमीटरवर नागपुरात झाली. तिथे प्रकल्प रद्द करणं सोपं होतं, कारण कचरा काही नागपुरात पडून नव्हता.

डेपोच्या दारात वजनकाटा आहे. कॉम्पॅक्टर काट्यावर चढतो, आकडा उमटतो, पावती निघते, गाडी आत जाते. काट्यावरचे गृहस्थ सेवानिवृत्तीला टेकलेले. "81 एकर आहे बरं का डेपो," त्यांनी मला पहिल्यांदा भेटल्यावर सांगितलं. चहा मागवल्यावर पुन्हा सांगितलं. निघताना हसत म्हणाले, "81 एकर. त्यातली जमीन कुठे दिसते का बघा."

दिसत नाही. दिसतात त्या टेकड्या. बाहेरच्याला त्या डोंगरच वाटाव्यात, वर गवतसुद्धा उगवलंय. एप्रिल 2022 मध्ये इथे मोठी आग लागली होती. कुजणाऱ्या कचऱ्याच्या पोटात मिथेन साठतो, उन्हाळ्यात एवढंसं निमित्त पुरतं. वरून पाणी मारलं तरी आत धुमसत राहतं.

वास मात्र मला वाटला होता तसा नव्हता. ताज्या कचऱ्याचा वास आंबूस, सणकून नाकात जाणारा. तो इथेही आहे, ओल्या कचऱ्याचं खत करतात त्या बाजूला. ट्रॉमेलमधून चाळल्या जाणाऱ्या वीस-तीस वर्षांच्या कचऱ्याला येतो तो तळघरातल्या ओलीसारखा वास. त्याची किळस येत नाही, आणि तेच मला जास्त खटकलं. चाळलेली माती मी हातात घेतली. काळी, भुसभुशीत, कुंडीत घालावीशी. मग तिच्यात चमचमणारे काचेचे आणि प्लास्टिकचे बारीक कण दिसले.

या कामाला बायोमायनिंग म्हणतात. टेकडी पोखरायची, चाळायची, माती खड्डे-भरावाला, विटा-दगड वेगळे, आणि जळण्याजोगं प्लास्टिक-चिंध्या जाळायला. शेजारीच कचऱ्यापासून वीज करणारा प्रकल्प आहे: 14 मेगावॉट, रोज 700 टन सुका कचरा जाळण्याची क्षमता, पंतप्रधान मोदींच्या हस्ते 1 ऑगस्ट 2023 रोजी उद्घाटन. महापालिका त्याची वीज पाच रुपये युनिटने घेते. वाईट व्यवहार नाही. पण 700 टनांची भट्टी पेटती ठेवायची तर रोज 700 टन लागणार, आणि कचरा कमीच करा असं आग्रहाने सांगणारं महापालिकेत मग कोण उरणार, ही शंका माझ्या मनातून जात नाही. शिवाय जाळलं तरी राख उरते. तिलाही जागा लागते.

नियम होतेच. 2016 च्या घनकचरा नियमांप्रमाणे दिवसाला 100 किलोच्या वर कचरा करणाऱ्या सोसायटीने आपला ओला कचरा आपल्याच आवारात जिरवायचा होता. महापालिकेने 2022 मध्ये तो आग्रह धरला तेव्हा सोसायट्यांनी केवढी ओरड केली! त्यातल्या कितीतरी पुढच्या वर्षी डेपोविरोधी मोर्चात होत्या. आणि इंद्रायणीचा पूल ओलांडून चाकणकडे गेलं की वेगळाच प्रकार. तिथल्या कारखान्यांच्या घातक कचऱ्याला रांजणगावच्या प्रक्रिया केंद्राचा पत्ता आहे. त्याच कारखान्यांतली पोरं ज्या भाड्याच्या खोल्यांत राहतात, तिथल्या कचऱ्याला रस्त्याची कड.

टेकड्या चाळून संपल्या की त्या 81 एकरांचं काय करायचं? कुणी उद्यान म्हणतं, कुणी मैदान. भोवती बारा-बारा मजले झालेत, जमिनीचा भाव कुणाला ठाऊक नाही? माझं मत विचाराल तर ही जागा विकाऊ नसावी, आणि तिच्यावर पहिला हक्क मोशीचा असावा. बीडच्या त्या माणसाला विचारलं तेव्हा तो गठ्ठ्यावर बसून धार लावत होता. "मोकळी कशी राहील? एक गाडी चाळून होतेय तोवर पलीकडे दुसरी रिकामी होते."

हा गठ्ठा कापायला अर्धा तास लागला. "ठेकेदाराला पैसे चाळलेल्या कचऱ्याचे. मशीन बंद म्हणजे त्याचं तोंड चालू," तो म्हणाला. दिवसातून किती वेळा? त्याने हाताची पाच बोटं दाखवली, मग विचार करून दुसऱ्या हाताचीही दोन. हाताला मोजा होता, तोही तर्जनीपाशी कापलेला.

"तुम्ही लिहिता ना ताई, मग एवढं सांगा लोकांना. जुने कपडे कचऱ्यात टाकू नका म्हणावं. येगळे द्या. जाळता येतील, कुणाला घालता येतील, पण ह्यात नको."

त्याच रात्री मी ते आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. दोन-चार अंगठे आले. एकाने विचारलं, वेगळे दिले तर घंटागाडीवाला घेतो का? मला ठाऊक नव्हतं. उत्तर द्यायच्या आत पाण्याच्या टँकरचा विषय निघाला.