गाणे आहे, पण वाजत नाही!

ग्रामोफोनच्या तबकडीवर गाणे म्हणजे बारीक खाचा असतात. खाचेतून सुई फिरली की आवाज निघतो. शंभर वर्षांची तबकडीसुद्धा अशी वाजते. मोबाईलातले गाणे तसे नसते. तेथे आवाजाचे आकडे करून ठेवलेले असतात. ते कोणत्या पद्धतीने मांडले हे ज्या प्रोग्रॅमला ठाऊक, त्यालाच त्यांचा पुन्हा आवाज करता येतो.

आपल्या गावच्या रेल्वेचेच घ्या ना. पूर्वी अकोला-पूर्णा मार्ग मीटरगेज होता, दोन रुळांत 1 मीटर अंतर. 2008 साली ब्रॉडगेज झाले, अंतर 1.676 मीटर. जुने इंजिन काही मोडले नव्हते बाप्पा, पण नव्या रुळावर ते चालेल कसे?

माझ्या आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या बाबांच्या जुन्या बटनाच्या मोबाईलात भरल्या होत्या. आजी आता नाही. त्याचे कार्ड नव्या मोबाईलात घातले, तर फाईलचे नाव दिसे, पण ती उघडेना. नावाच्या शेवटी 'एएमआर' होते. फोनवरच्या बोलण्यासाठी केलेली, थोड्या जागेत मावणारी ही जुनी पद्धत आहे. गुरुजींनी शाळेच्या संगणकावर व्हीएलसी नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये फाईल लावली अन् आजीचा आवाज आला! आई डोळ्याला पदर लावून ऐकत होती. मग गुरुजींनी एमपीथ्रीमध्ये प्रत करून दिली.

मोठ्या माणसांनाही हे चुकले नाही. पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. 1990 नंतर त्या संगणकात भरल्या. पुढे मराठी अक्षरे भरण्याची ती पद्धतच मागे पडली, म्हणून मजकूर नव्या पद्धतीत बदलावा लागला. 2017 पासून 'पारी' या संकेतस्थळावर ह्या ओव्या येत गेल्या.

ॲपमधल्या गाण्यांना तर कुलूपच असते. तेथे उतरवलेले गाणे ॲपबाहेर वाजत नाही. 2024 साली विंक म्युझिक बंद झाले, तेव्हा किल्लीच गेली.

पालकांनो, जुना मोबाईल भंगारवाल्याला देण्याआधी कार्ड काढून घ्या. फोनच्या पोटातला आवाज मात्र फोन सुरू झाला तरच निघतो. आजीच्या दोन ओव्या तशाच अडकल्या आहेत. बारीक पिनेचा चार्जर बाबा वाशीमच्या बाजारात शोधत आहेत. कोणाच्या घरी असेल तर चौथीच्या वर्गात आणून द्यावा.