विश्लेषण : जुन्या मोटरबोटीचे स्टिअरिंग जड का होते? ग्रीस मारण्याआधी काय तपासावे?

उजनी जलाशयात २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. पावसाळ्याच्या तोंडावर असा वारा कोणत्याही धरणावर अचानक सुटू शकतो. मग ते जुन्नरमधील माणिकडोह, येडगाव, पिंपळगाव जोगे असो की आंबेगावमधील डिंभे. अशा वेळी बोटीचे तोंड लाटांकडे वळवायला चालकाच्या हाती काही क्षणच असतात. नेमके तेव्हाच चाक अडले तर बोट लाटांना आडवी सापडते. त्यामुळे जड स्टिअरिंगला किरकोळ कुरकुर समजून चालत नाही.

गोड्या पाण्यातही गंज चढतो का?

खाऱ्या पाण्याइतका वेगाने नाही, पण चढतो. बोटीच्या मागे बसवलेल्या बहुतेक जुन्या इंजिनांमध्ये चाकापासून इंजिनापर्यंत एक जाड केबल जाते. तिच्या टोकाचा पोलादी दांडा इंजिनाच्या कंसातील नळीतून मागे-पुढे सरकतो आणि इंजिन वळवतो. बोट महिनोन्महिने काठावर पडून राहिली की या नळीतील ग्रीस वाळून घट्ट होते, ओलावा शिरतो आणि दांडा धरतो. बोट पूर्वी समुद्रात चाललेली असेल तर ही शक्यता अधिक.

दोष नेमका कुठे, हे कसे ओळखावे?

इंजिन बंद करून किल्ली काढावी आणि बॅटरीची तार सोडवावी. मग तीन पायऱ्यांत तपासणी होते.

१. केबलचा दांडा आणि इंजिन यांना जोडणारा आडवा दुवा सोडवून इंजिन हाताने डावी-उजवीकडे वळवावे. ते जड असेल तर दोष इंजिन ज्या खुंटावर फिरते तिथे आहे. तिथल्या निपलमधून नवे ग्रीस भरत, जुने बाहेर पडेपर्यंत इंजिन हलवत राहावे.

२. इंजिन सहज वळत असेल तर मोठा नट सोडवून दांडा नळीबाहेर काढावा आणि चाक फिरवून पाहावे. चाक हलके झाले तर दोष नळीत आहे.

३. तरीही चाक जडच राहिले तर केबल चाकाकडूनही सोडवावी. चाक एकटे हलके फिरत असेल तर केबल खराब आहे. तेही जड असेल तर चाकामागील गिअरपेटी.

नळी आणि दांडा कसा साफ करावा?

गंज सोडवणारे तेल नळीत सोडून काही तास थांबावे. नंतर गोल तारेच्या ब्रशने आतला थर काढावा. दांडा बारीक पॉलिश पेपरने पुसून घ्यावा. तो वाकला असेल किंवा त्यावर खड्डे पडले असतील तर केबल बदलणेच योग्य. हातोडा मारून दांडा मोकळा करण्याच्या नादात कंस तडकू शकतो. शेवटी पाण्याने न धुतले जाणारे, बोटीसाठीचे ग्रीस लावावे.

ग्रीस मारताना कोणती चूक होते?

निपलमध्ये ग्रीस भरण्यापूर्वी चाक फिरवून दांडा केबलच्या आवरणात पूर्ण आत घ्यावा लागतो. तो बाहेर असताना ग्रीस दाबले तर ते आत कोंडून स्टिअरिंग जागीच अडकू शकते. म्हणजे दुरुस्तीतूनच नवा धोका तयार होतो.

केबलमध्ये तेल सोडले तर चालेल का?

त्याने चार दिवस बरे वाटते, इतकेच. आवरण फुगले, चिरले किंवा आतून गंजले की केबल दुरुस्त होत नाही. नवी घेताना जुन्या केबलवरचा क्रमांक आणि लांबी जुळवावी, बसवताना तीव्र वळणे टाळावीत. दुव्याचे स्वतः घट्ट बसणारे नट पुन्हा वापरू नयेत.

वेगात एकाच बाजूला ओढ लागत असेल तर?

तो दोष बहुधा गंजाचा नसतो. पंख्याच्या वर, मागच्या बाजूला एक छोटी पट्टी असते. बोट उजवीकडे ओढत असेल तर पट्टीचे मागचे टोक थोडे उजवीकडे वळवावे. डावीकडे ओढत असेल तर डावीकडे. तेलावर चालणारे स्टिअरिंग असेल तर तेलाची पातळी आणि गळती पाहावी. त्यात गाडीचे ब्रेक ऑइल घालू नये.

बोट पाण्यात कधी न्यावी?

चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावे. इंजिन खाली असताना आणि वर उचललेले असताना, दोन्ही वेळा ते हलके चालले पाहिजे. इंधनाची नळी किंवा तार कुठे ताणली जात नाही ना, हेही तपासावे. पहिली फेरी काठालगत, लाइफ जॅकेट घालून आणि वल्ही सोबत ठेवून मारावी. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा एवढी तपासणी केली, तर चाक ऐन वाऱ्यात दगा देण्याची शक्यता बरीच कमी होते. तोवर बोटीत प्रवासी घेऊ नयेत.