आरंभींची वजाबाकी

इंजिनांत जेवढें बळ, तेवढें विमानास मिळालें, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः कारखान्यांतील चांचणीच्या चौथऱ्यावर जेट इंजिन जो रेटा दाखवितें, त्यांतील कांहीं भाग तें विमानांत बसवितांच कमी होतो. ही तूट विमान कागदावर असतांनाच अजमावणें हें रचनाकाराचें अवघड कर्तव्य होय.

आमच्या साखरशेतच्या बाजूस, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत, उन्हाळ्यांत स्त्रिया खोल विहिरीवरून हंडे घेऊन चढण चढतात. हंडा कांठोकांठ भरला तरी वाटेंत पाणी हिंदकळतेंच. आणि घरचा हिशेब घरीं पोंचलेल्या पाण्याचा करावा लागतो. इंजिनाचेंही तसेंच आहे.

पहिली गळती हवा आंत घेतांना होते. ध्वनीच्या दुप्पट वेगानें जाणाऱ्या विमानाचें हवा घेण्याचें तोंड साध्या नळीसारखें असेल, तर तेथें उठणाऱ्या आघाततरंगामुळें हवेच्या एकूण दाबापैकीं सुमारें 28 टक्के वाया जातो. तोंडाशीं शंकू बसवून तो आघात सौम्य टप्प्यांत विभागल्यास ही हानि पुष्कळ घटते. दुसरी गळती वीज, पंप आणि वैमानिकाच्या कक्षांतील हवा यांसाठीं इंजिनाकडून घेतलेल्या शक्तीची. तिसरी, इंजिनानें न घेतलेली हवा तोंडाबाहेर सांडल्यानें आणि शेपटीच्या आकारानें वाढणाऱ्या विरोधाची.

आपल्या देशास हा धडा ‘मारुत’ विमानानें दिला. जर्मन रचनाकार कुर्ट टांक यांच्या देखरेखीखालीं बंगळूर येथें तयार झालेलें हें विमान 17 जून 1961 रोजीं प्रथम उडालें. योजिलेलें बलवत्तर इंजिन मिळालें नाहीं. सुमारें 2,200 किलो रेट्याच्या दोन ऑर्फियस इंजिनांवर भागवावें लागलें. ध्वनीच्या दुप्पट वेगाचा संकल्प त्यामुळें अपुरा राहिला. पुढें निघणाऱ्या झोतांत पुन्हा इंधन जाळून रेटा वाढविण्याचा प्रयत्न झाला; परंतु त्यासाठीं शेपटीकडील भाग रुंद झाल्यानें विरोध वाढला व कमाईचा बराच अंश त्यांतच खर्ची पडला. अशाच एका चांचणी-विमानाच्या अपघातांत 10 जानेवारी 1970 रोजीं ग्रुप कॅप्टन सुरंजन दास यांस मृत्यु आला.

हें गणित कठीण कां? नैयायिक ज्यास अन्योन्याश्रय म्हणतात, तो येथें आहे. इंजिन मोठें घ्यावें तर तोंड मोठें हवें. तोंड मोठें केलें कीं विरोध वाढतो. विरोध वाढला कीं आणखी मोठें इंजिन हवें! हातानें हें चक्र थोडेच वेळां फिरवितां येई. संगणक आंकडे स्थिर होईपर्यंत तें फिरवितो आणि अनेक आराखडे थोडक्या वेळांत ताडून पाहतो. 1972 सालीं बोइंग कंपनीनें अमेरिकन वायुदलासाठीं अशा तुटी अजमावण्याची संगणकीय पद्धति सिद्ध केली. मात्र तिच्या मुळाशीं वायुबोगद्यांतील प्रत्यक्ष मापेंच असतात. मापें चुकलीं तर संगणक तीच चूक त्वरेनें करील.

मुलांस बेरीज प्रिय असते, वजाबाकी नकोशी वाटते. परंतु त्या आंकड्यांवर भरंवसा ठेवून कोणी तरुण विमानांत बसणार असतो, हें ध्यानीं घेतल्यास आरंभींच केलेली प्रामाणिक वजाबाकी किती मोलाची, हें त्यांस सहज समजावून देतां येईल.